दोष बियाण्याचा की ओलिताचा?



नीटचा निकाल लागला की दरवर्षी तेच ऐकायचं: "खेड्यातल्या पोरांना घरी वातावरणच नाही." वातावरण म्हणजे जणू आपल्या रक्तातच नसलेली चीज!

शेतीशास्त्राचा साधा धडा आहे. ओलिताचा वाफा आणि कोरडवाहू वाफा शेजारी मांडून वाणाची पारख करायची नसते. उतारा एकट्या बियाण्याचा नसतो; जमीन, पाणी, खत सगळ्यांचा मिळून असतो. म्हणून कृषी विद्यापीठं कोरडवाहूसाठी वेगळी शिफारस करतात. ज्वारीला मिळणारा हा न्याय आपल्या लेकरांना मात्र नाही.

नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण, चुकलं की एक गुण वजा. गुणवत्ता यादीत बारावीच्या गुणांची किंमत शून्य. तामिळनाडूत २०१६ पर्यंत वैद्यकीय प्रवेश बारावीच्या गुणांवर होत. २०१७ ला नीट आली. न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ साली हिशेब मांडला. आधी प्रवेश मिळवणाऱ्यांत तमिळ माध्यमाची मुलं १४ टक्क्यांच्या आसपास होती. नीटच्या पहिल्याच वर्षी ती २ टक्क्यांच्या खाली गेली. २०२०-२१ पर्यंत पुन्हा परीक्षेला बसून प्रवेश मिळवणारे ७० टक्क्यांवर पोचले. एका वर्षात तिथल्या घरांची संस्कृती बदलली का? आईबाप बदलले का? बदललं ते माप.

मग घराचा परिणाम होतच नाही? होतो, आणि तो झाकायचं कारण नाही. घरात पेपर येतो का, पोराशी कोणी अभ्यासाचं बोलतं का, वेचणीच्या दिवसांत पोरगी शाळेत असते की धाकट्याला सांभाळत, यानं गुण हलतात. पण पोरगी घरी का राहते? मजूर लावायला पैसा नसतो म्हणून. वर्षभर घरी बसून पुन्हा परीक्षा द्यायची, क्लासची फी भरायची, लातूरला नाहीतर कोट्याला खोली करायची. तुम्ही जिला संस्कृती म्हणता, ती बरीचशी पावती फाडून विकत मिळते.

"मग परीक्षाच नको का?" असं विचारतील. परीक्षा हवी, पण वाफा बघून. तामिळनाडूने २०२० साली कायदा करून सरकारी शाळेत शिकलेल्या, नीट उत्तीर्ण मुलांना ७.५ टक्के जागा राखल्या. पहिल्याच वर्षी एमबीबीएसच्या ३०० हून अधिक जागा त्यांच्या वाट्याला आल्या. आपल्याकडे खेड्यातल्या माध्यमिक शाळा बहुतेक अनुदानित संस्थांच्या. तेव्हा नुसतं 'सरकारी शाळा' लिहून आपल्या पोरांचं भलं होणार नाही. गावच्या अनुदानित शाळाही त्यात धरा, ही आपली मागणी.

जिल्हा मेळाव्यात हा ठराव मांडू. आणि दुसरा ठराव आपण आपल्यावरच करू: यंदा वेचणीसाठी एकही पोरगी शाळेतून घरी ठेवायची नाही. सरकारकडे हक्क मागायचा तर आपल्या उंबऱ्याच्या आतलं काम आपणच करायला हवं.