डिस्चार्ज झाला, पुढे काय?

हृदय कमजोर झालेल्या आमच्या एका गँगमन सहकाऱ्याला इंग्रजी कागद देऊन घरी पाठवले. मीठ कमी करा, वजन रोज बघा, पाय सुजले तर लगेच या, हे कोणी सांगितलेच नाही. बाराव्या दिवशी पुन्हा दाखल!

अमेरिकेत वृद्धांच्या सरकारी विम्याचे रुग्ण ३० दिवसांत प्रमाणाबाहेर परतले, तर ऑक्टोबर २०१२ पासून रुग्णालयाचे पैसे कापतात. आता ३ टक्क्यांपर्यंत. दंड आम्हाला पटत नाही, तो गरिबांच्या रुग्णालयांनाच जास्त बसला. त्यापेक्षा कॅनडातली रीत बरी: मुक्काम किती, तातडीने आला का, इतर आजार कोणते, सहा महिन्यांत इमर्जन्सीच्या खेपा किती, एवढ्यावरून धोका ओळखायचा. त्याला कागद-पेन्सिल पुरते. अशांना आठवड्यात फोन करा, मराठीत समजवा, फेरतपासणीला सुट्टी द्या. पीएनएमच्या बैठकीत आम्ही हेच मांडणार आहोत.