बहात्तर तास आणि कानडी कागद

बळ्ळारी नाल्याचे पाणी शिवारात शिरले की येळ्ळूर, वडगावच्या शेतकऱ्याला शहाणपण शिकवावे लागत नाही. भात हाती लागणार की कुजणार, हे तो बांधावरूनच सांगतो. शिकवायला हवे ते पुढचे. नुकसान कोणाला, किती वेळात, कोणत्या कागदावर कळवायचे? नेमके हेच त्याला त्याच्या भाषेत कोणी सांगत नाही.

पंतप्रधान पीक विमा योजना खरीप २०१६ पासून चालू आहे. खरीप भाताला विमा रकमेच्या दोन टक्के हप्ता शेतकऱ्याचा. तीस हजारांच्या विम्याला सहाशे रुपये. भातशेतीत पाणी तुंबून होणारे ज्याचे त्याचे नुकसान २०१८ मध्ये योजनेतून वगळले गेले. ते खरीप २०२६ पासून पुन्हा घेत असल्याचे केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. रानटी जनावरांच्या नासाडीचाही त्यात समावेश झाला; मात्र कोणती जनावरे, हे राज्याने ठरवायचे. हत्ती आणि डुकरांपायी माळ्यावर रात्री काढणाऱ्या खानापूरकरांपैकी किती जणांच्या कानावर हे गेले आहे?

अट बहात्तर तासांची. तेवढ्यात फोटोसह मोबाईलवर नुकसान कळवायचे. कानडी वाचणारे पोर शोधण्यातच एक दिवस जातो, आणि पोर पुण्याला नोकरीला असले तर बोलायलाच नको. पीक पाहणीत एक पीक आणि विम्याच्या अर्जात दुसरे लागले तरी भरपाई अडते. २०२० पासून कर्जदारालाही विमा ऐच्छिक आहे. पण नको असल्यास मुदतीच्या सात दिवस आधी बँकेत लेखी द्यावे लागते. न दिल्यास हप्ता कापला जातो, आणि आपला विमा आहे हेच अनेकांना ठाऊक नसते!

मराठी शेतकऱ्याने कानडी शिकावी, असे कोणी म्हणेल. बाजारापुरती तो बोलतोच. पण विम्याच्या अटी म्हणजे बाजारातली घासाघीस नव्हे. जेथे भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के वा अधिक आहेत, तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे सूत्र जुनेच आहे. गाऱ्हाणे मराठीत मांडण्याचा हक्क तर घटनेच्या ३५० व्या कलमानेच दिला आहे. रयत संपर्क केंद्रात एक मराठी पत्रक ठेवल्याने कर्नाटकाचे काय बिघडणार आहे?

आमच्या मंडळींनाही दोन शब्द सांगायचे आहेत. फलकांसाठी आपण मोर्चे काढले, ते योग्यच होते. आता युवक मंडळांनी आणि सोसायट्यांनी खरिपाच्या नोंदणीआधी एक संध्याकाळ काढावी, अर्ज मराठीत समजावून द्यावा आणि १४४४७ हा तक्रारीचा क्रमांक देवळाच्या भिंतीवर ठळक लिहून टाकावा.