नव्या पाण्यानें मासे कां मेले?

झाडगांवचें मत्स्यालय पाहून आलेलीं मुलें घरीं मासे पाळण्याचा हट्ट धरितात, आणि रत्नागिरींतील आणखी एका दिवाणखान्यांत कांचेची पेटी येऊन बसते. अशाच एका घरच्या गृहस्थांनीं आम्हांस प्रश्न केला आहे. पेटी वर्षभर उत्तम चालली होती. श्रावणांत, पाणी जुनें झालें म्हणून, त्यांनीं निम्में काढून विहिरीचें ताजें पाणी भरलें आणि कोणाच्या सल्ल्यावरून त्यांत खाण्याचा सोडा घातला. सायंकाळपर्यंत सर्व मासे गतप्राण झाले. धाकटी नात त्या रात्रीं जेवली नाहीं. वडील मंडळी विहिरीस दोष देत आहेत, आणि पुनः मासे आणावे कीं पेटी विकावी असा वाद घरांत चालू आहे.

आमच्या मतें विहीर निर्दोष आहे. मासे कल्ल्यांवाटे व मलावाटे अमोनिया टाकितात. उरलेलें अन्न कुजूनही तोच उत्पन्न होतो. वाळूंत व गाळणींत राहणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करितात. पहिलीं दोन्ही द्रव्यें माशांस घातक, तिसरें पुष्कळच सौम्य. परंतु या क्रियेंत आम्ल निर्माण होतें. देशावरील जड पाण्यांतले क्षार तें शोषून घेतात. आपल्या जांभ्या खडकांतील चुना मात्र युगानुयुगांच्या पावसानें धुऊन नेला आहे. म्हणून येथील विहिरींचें पाणी हलकें, डाळ शिजविण्यास जितकें सोयीचें तितकेंच पेटींत बेभरंवशाचें. त्याचा सामू, म्हणजे आम्लतेचें माप, ७ वरून हळूहळू ६ च्या खालीं उतरतो. जंतु मंदावतात व अमोनिया सांचत जातो. आम्ल पाण्यांत तो बहुतेक अमोनियमच्या रूपांत असतो. त्या रूपाची बाधा फार थोडी, म्हणून मासे खुशाल दिसतात. सोड्यानें सामू ६ वरून एकदम ८ वर गेला कीं विषारी रूपाचें प्रमाण सुमारें १०० पट होतें. निवळी उगाळून पाणी नितळ होईल, अमोनिया जाणार नाहीं. अमरकोशांत पाण्यास 'जीवन' हें नांव आहे, पण तेथें सामूचा विचार नाहीं!

तेव्हां पेटी विकूं नये. जुनें पाणी सर्व काढावें. वाळू व गाळणी साबणानें किंवा नळाखालीं न धुतां त्याच काढलेल्या पाण्यांत खळबळून घ्यावी. भाट्याच्या किनाऱ्यावरील रिकामे शिंपले स्वच्छ धुऊन, कुटून, पुरचुंडींत बांधून गाळणीजवळ ठेवावे. (सोवळ्याची शंका असणाऱ्यांनीं शंख आठवावा.) आम्ल वाढेल तसा त्यांतील चुना आपोआप विरघळतो, सोड्यासारखी उडी मारीत नाहीं. मग मासे न घालतां चिमूटभर खाद्य टाकून ४ ते ६ आठवडे थांबावें. थेंबांच्या तपासणींत अमोनिया व नायट्राइट शून्य आले म्हणजे दोन-चार गप्पी आणावे. पुढें दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें. पाणी नळाचें असल्यास क्लोरिन उडून जाण्याकरितां तें एक दिवस उघड्या घंगाळांत ठेवावें.

ज्यांच्या पेटींत जुन्या पाण्यांत अद्याप मासे जिवंत आहेत, त्यांनीं मात्र रोज दहावाच हिस्सा बदलावा, खाद्य निम्म्यावर आणावें, आणि अमोनिया उतरेपर्यंत शिंपलेही घालूं नयेत.