नकार कोणाचा?

पावसाळ्यातल्या रविवारी पुण्याहून ताम्हिणीकडे निघालेल्या गाड्यांची रांग पौडपासूनच लागते. मुळशीचे पाणी दिसू लागले की गाड्या थांबतात, भाजलेली कणसे घेतली जातात, फोटो निघतात. या धरणासाठी ५०च्या आसपास गावे उठली आणि ११ हजारांच्या घरात माणसे देशोधडीला लागली, हे त्या गर्दीतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांना ठाऊक असते त्यांनाही बहुधा एकच नाव आठवते : सेनापती बापट. मी याच तालुक्यात राहतो आणि बापटांविषयी मला अपार आदर आहे. तरीही ११ हजार माणसांच्या लढ्यातून एकच नाव का उरावे, हा प्रश्न मला अनेक वर्षे सतावतो आहे. त्याचे उत्तर शोधताना मी भलत्याच ठिकाणी, थेट गडचिरोलीत जाऊन पोहोचलो.

आधी मुळशीचे सांगतो. मुंबईला वीज हवी म्हणून टाटा कंपनीने नीला-मुळा संगमाजवळ धरण बांधायला घेतले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे कामाच्या जागी जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. विनायकराव भुस्कुटे, बापट, शंकरराव देव ही मंडळी पुढे होती. पण जमीन मावळ्यांची होती, बसलेही तेच आणि मारही त्यांनीच खाल्ला. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त त्यांची बाजू घेतली. काम काही काळ थांबलेही. मग दुफळी झाली. पुण्यातल्या ज्या सावकारांच्या नावावर जमिनी होत्या, त्यांना मोबदला बरा वाटू लागला. कुळे एकटी पडली. तुरुंग, दंड, जप्ती यांनी माणसे थकली. १९२४ मध्ये गांधीजींनीच लढा आवरता घ्यावा असे सुचवले. बहुतेकांनी मोबदला स्वीकारला आहे, आणि बापटांचा अहिंसेवर विश्वास नाही, अशी त्यांची कारणे होती.

दुसरे कारण खोटे नव्हते. पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या शिकून आलेल्या या माणसाने सत्याग्रहाची आपली वेगळी व्याख्या केली होती आणि तिला ‘शुद्ध सत्याग्रह’ असे नाव दिले होते. १९२४च्या अखेरीस मूठभर साथीदारांसह त्यांनी शस्त्रे घेऊन धरणाच्या कामावरची रेल्वे अडवली, गोळ्या झाडल्या आणि पळून न जाता स्वतःला पोलिसांच्या हवाली केले. सात वर्षांची शिक्षा झाली. लढा तिथेच संपला.

गोळीने लढा संपवला, असे मी म्हणणार नाही. मावळ्यांची गर्दी आधीच पांगली होती. शस्त्र आले ते त्या रिकाम्या जागेत. पण गोळीने एक केले. लढ्याची गोष्ट मावळ्यांच्या हातून काढून एका शूर माणसाच्या हाती दिली. त्यानंतर सरकारला मावळ्यांशी बोलायचे कारण उरले नाही. बापटांना शिक्षा झाली की काम भागले.

या खोऱ्यांत कातकरीही राहत होते. त्यांच्या नावावर जमीनच नव्हती, त्यामुळे मोबदल्याच्या वादात त्यांचे नाव येण्याचा प्रश्नच आला नाही. आज सरकारच्या यादीत महाराष्ट्रातले तीन आदिवासी समाज ‘विशेष असुरक्षित’ म्हणून नोंदलेले आहेत : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. आमच्या मुळशीतला कातकरी आणि भामरागडचा माडिया त्या यादीत असे शेजारी बसलेले दिसले, आणि माझे लक्ष माडियांच्या मुलखाकडे वळले.

तिथे क्रम उलटा होता. मुळशीत लोक आधी आले आणि बंदूक शेवटी. गडचिरोलीत लोकांची संघटना नीट उभी राहण्याआधीच, १९८०च्या सुमारास, आंध्रातून नक्षलवाद्यांची दलमे प्राणहिता ओलांडून आली. तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हासुद्धा नव्हता. तो १९८२ मध्ये झाला.

आमच्या शेजारचे नाना निवृत्त तलाठी आहेत, वाद घालण्यात हातखंडा. ते मला म्हणाले, ‘‘पण गुरुजी, त्यांच्यामुळे सरकारला त्या जंगलात आदिवासी राहतात हे कळले तरी!’’ नानांचे म्हणणे उडवून लावता येत नाही. जंगलखात्याच्या गार्डांची दांडगाई, कोंबड्या-बकऱ्या उचलून नेणे, फुकट राबवून घेणे यांना दलमांनी चाप लावला. तेंदूपत्त्याच्या मजुरीचे दर त्यांच्या दबावाने वाढले. गावकऱ्यांनी त्यांना भाकरी घातली ती केवळ भीतीने नव्हे.

पण पुढे काय झाले? मजुरी वाढवून देणारा मालकही होऊ लागला. कोणी निवडणुकीला उभे राहायचे, कोणी सरपंचकी सोडायची, हे दलम ठरवू लागले. ‘खबऱ्या’ असा शिक्का मारून शेकडो माणसे मारली गेली, आणि त्यांतली बहुतेक आदिवासीच होती. पोलिसांच्या बाजूने पाहावे तर जो ‘जंगल आमचे’ म्हणेल तो नक्षलवादी. म्हणजे बोलले तर एकाचा संशय, गप्प बसले तर दुसऱ्याचा. इकडे आड तिकडे विहीर ही म्हण आपण घरातल्या क्षुल्लक पेचांसाठी वापरतो. तिथल्या माणसाने ती चार दशके जगून पाहिली.

सूरजागडचे उदाहरण घ्या. एटापल्ली तालुक्यातल्या या डोंगरावर उत्तम लोहखनिज आहे आणि परिसरातल्या आदिवासींचा ठाकूरदेवही तिथेच आहे. खाणीला तिथल्या ग्रामसभांचा विरोध होता, आणि १९९६चा पेसा आणि २००६चा वनहक्क असे दोन कायदे त्यांच्या हाताशी होते. अशात २०१३ मध्ये माओवाद्यांनी कंपनीच्या उपाध्यक्षांसह तिघांना ठार केले. डिसेंबर २०१६ मध्ये खनिज वाहून नेणारे डझनावारी ट्रक जाळले. हे आदिवासींच्या वतीने केले असे त्यांचे म्हणणे. परिणाम? खाणीला विरोध म्हणजे माओवाद्यांची भाषा, हे समीकरण पक्के झाले. खाण थांबली नाही. बंदोबस्त मात्र वाढला आणि २०२१ पासून उत्खनन जोरात सुरू झाले. ग्रामसभेचा ठराव वाचायला कोणाला सवड होती? जळालेल्या ट्रकचा फोटो पहिल्या पानावर येतो, ठरावाचा कधी येत नाही.

आणि तरीही याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा पुष्कळांनी ऐकलेली असते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावेही. मला त्या घोषणेपेक्षा त्यांची रीत मोलाची वाटते. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. त्याआधी अभ्यासगटात चर्चा. आणि सारे उघड्यावर, लपवाछपवी नाही. बंदुकीच्या मुलखात उघडेपणा हे भोळेपण वाटेल, पण ज्या गावाचा निर्णय सगळ्यांनी सगळ्यांदेखत घेतलेला असतो, तिथे कोणा एकाला उचलून ‘यानेच फितवले’ असे म्हणणे दोन्ही बाजूंना जड जाते. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. हे कोणत्याही दलमाला जमले नव्हते. २०१७ मध्ये ग्रामसभांनी जिल्हा परिषदेला आपले उमेदवार उभे केले आणि भामरागड भागातून लालसू नोगोटी हे माडिया वकील निवडून आले.

राज्याच्या दुसऱ्या टोकाला शहाद्यात १९७२ मध्ये अंबरसिंग महाराजांची श्रमिक संघटना उभी राहिली, ठाणे जिल्ह्यात भूमिसेना, कष्टकरी संघटना, श्रमजीवी संघटना आल्या. त्यांनाही ‘नक्षलवादी’ म्हणून हिणवले गेलेच. पण तिथे आसपास खरोखरच बंदूकधारी दलम नव्हते, म्हणून तो आळ चिकटला नाही. मोर्चा हा मोर्चाच राहिला. वेठबिगार सोडवताना कातकऱ्यांना आपले नाव स्वतःच्या तोंडाने सांगता आले. माडियांना ही सोय कधी मिळाली नाही.

आता काळ पालटतो आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. नानांनी वर्तमानपत्र माझ्यापुढे सरकवून विचारले, ‘‘आता तरी तुमच्या ग्रामसभांचे ऐकतील ना?’’

मी त्यांना एटापल्लीतल्या तोडगट्टाची गोष्ट सांगितली. २०२३च्या मार्चपासून आठेक महिने तिथे माडिया गावकरी खाणींविरुद्ध धरणे धरून बसले होते. पाळीपाळीने गावे यायची, स्वयंपाक जागेवरच. हातात बंदूक नाही, ग्रामसभांचे ठराव होते. आंदोलनामागे माओवादी आहेत असे पोलिसांनी सांगितले आणि नोव्हेंबरमध्ये ते उठवले. आता भूपती नाही, दलम जवळजवळ नाही. उद्या तोडगट्टाची माणसे पुन्हा येऊन बसली तर त्यांच्यामागे कोण आहे म्हणून सांगणार? नाना काही बोलले नाहीत. तलाठी म्हणून त्यांनी ग्रामसभांचे कितीतरी ठराव फायलीला लागलेले पाहिले आहेत.