सायलेन्सर फाटला, तर नुसता कागद काय कामाचा?

आपल्या वस्त्यांमधून आता चारचाकी दिसू लागली आहे. ती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हातची, पंधरा-वीस वर्षांची असते. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, ओम्नीचे २०१९ साली. तरी अहिल्यानगर जिल्ह्याच्या रस्त्यांवर दोन्ही अजून धावताहेत. कुणी तिच्यातून भाजी नेऊन आठवडी बाजार करतो, कुणी शाळेची मुले पोचवतो. अडल्यानडल्या रात्री बाळंतिणीला दवाखान्यात नेणारीही तीच. अशा गाडीचा सायलेन्सर मात्र सर्वांत शेवटी पाहिला जातो. आवाज वाढला तर "चालतंय" म्हणतात, आणि पीयूसीची मुदत संपली की गाडी घरी ठेवूनसुद्धा कागद आणतात!

आम्ही स्पष्टच सांगतो, पीयूसीचा कागद पोलिसाला दाखवायला आहे. फाटलेल्या पाइपातून निघणाऱ्या वायूला तो वाचता येत नाही. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो, मग शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. आधी डोके दुखते, मळमळते, झापड येते. प्रवासात लेकरे पेंगली की आई म्हणते, दमली बिचारी. दर वेळी ती दमलेलीच असतील असे नाही. भगिनींनो, गाडीत बसल्यावर सगळ्यांचेच डोके जड होत असेल आणि उतरल्यावर बरे वाटत असेल, तर गाडी लगेच थांबवा, सर्वांना मोकळ्या हवेत आणा आणि दवाखाना गाठा. व्हॅनचे मागचे दार अर्धवट उघडे ठेवून माल नेणे तर फारच धोक्याचे. चालत्या गाडीत मागचा धूर त्या फटीतून आत ओढला जातो. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवणेही तसेच.

सायलेन्सर फाटतो का? पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या असल्या तर पाइप पुरता तापत नाही, पाणी आतच साचते आणि पत्रा आतून गंजतो. वरून रंग चांगला दिसतो, पण हाताने दाबला की पापडासारखा मोडतो. म्हणून सकाळी गाडी थंड असतानाच पाहावे. इंजिन नुकतेच सुरू केले की सांध्याजवळ फटफट आवाज येतो का, काजळीचे काळे डाग आहेत का, पाइप टांगणारे रबर तुटले आहे का? गळती इंजिनजवळच्या गॅस्केटला असेल तर ती आधी काढावी, कारण तो वायू बसणाऱ्याच्या सर्वांत जवळ असतो.

धुराचा रंगही बोलतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर तुंबलेला असू शकतो, तो बदलणे स्वस्तातले काम. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. आपल्या नगरच्या कारखान्यातून निघालेली लूना निळा धूर सोडायची, कारण तिच्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागे. मोटारीला तो न्याय लावू नये; तिथे तो इंजिनच्या आजाराची खूण आहे. थंडीत सकाळी थोडी पांढरी वाफ आली तर घाबरू नये. ती थांबलीच नाही, तर मात्र रेडिएटरचे पाणी पाहावे.

मेकॅनिककडे जाताना दोन गोष्टी बजावून सांगा. सडलेल्या पत्र्यावर वेल्डिंगचे ठिगळ टिकत नाही, तेवढा भाग कापून नवा घालायला सांगा. आणि गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तो काढून साधा पाइप बसवू देऊ नका. त्यात प्लॅटिनमसारखे महाग धातू असतात, ते दुसऱ्याच्या खिशात जातात आणि विष तुमच्या गल्लीत राहते.

आता कायद्याचे. नोंदणीला एक वर्ष झाले की पीयूसी लागते. जुन्या गाड्यांना ती ६ महिन्यांची, बीएस-४ व बीएस-६ गाड्यांना १ वर्षाची. बीएस-२ आणि बीएस-३ पेट्रोल मोटार जागेवर चालू असताना कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्क्यांच्या आत हवा. पीयूसी नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण २०२१ च्या नियमांनी एक सोयही केली आहे. गाडी नापास झाली तर केंद्राने कारण लिहिलेली रिजेक्शन स्लिप द्यायची. ती मागून घ्या! मेकॅनिकला तीच दाखवा. केंद्राच्या यंत्राचा संशय असेल तर तीच घेऊन दुसऱ्या केंद्रावर जा. आणि तपासणीपूर्वी गळती काढा. फाटक्या पाइपात बाहेरची हवा शिरते, यंत्रावरचा आकडा खोटाच कमी दिसतो, आणि पास झालेली गाडी आतल्यांना मारत राहते.

गाडी १५ वर्षांची झाली की नोंदणी दर ५ वर्षांनी नवी करावी लागते. मोटारीचे त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि २० वर्षांवरील मोटारीला २०२५ पासून १०,००० रुपये. एवढा पैसा भरण्याआधी गाडीखाली वाकून पाहावे. पत्राच सडला असेल तर हिशेब वेगळा मांडावा.

आपल्याच शहराजवळ वाहननगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. नवे मॉडेल विक्रीला येण्यापूर्वी ते तपासून मान्यता देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी ती एक. पण तुमच्या दारातल्या वीस वर्षांच्या गाडीची तपासणी तिथे व्हायची नाही. ती तुम्हीच करायची आहे. गॅरेजमध्ये काम करणारी आपली मुले गल्लोगल्ली आहेत. त्यांनी एका रविवारी वस्तीतल्या गाड्यांखाली शिरून पाहिले, तर एखाद्या घरातला अनर्थ टळेल.