फेरातली जागा

श्रावण लागला की अंबड, घनसावंगी, परतूरकडच्या खेड्यांना पंचमीचे वेध लागतात. माहेरवाशिणी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि रात्रीची जेवणे उरकली की अंगणात बायकांचा फेर धरला जातो. या फेराची तालीम कोणी घेत नाही. एकजण गाणे उचलते, बाकीच्या ते झेलतात. तिने पाऊल बदलले की साऱ्या फेराचे पाऊल बदलते. तिला दम लागला की शेजारची आपसूक पुढे होते. कडव्यात कोणाचे माहेर गुंफायचे, कोणाच्या सासूची थट्टा करायची, हे तेथल्या तेथे ठरते.

हेच तत्त्व साता समुद्रांपलीकडे एका निराळ्या नृत्यात पाहावयास मिळते. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात १९८७ मध्ये कॅरोलिना नेरिचिओ यांनी सामूहिक बेली डान्सचा एक संघ उभा केला. बेली डान्स म्हटले की आपल्याकडे नाके मुरडली जातात. तो दोष चित्रपटांनी दाखवलेल्या रूपाचा. अरब देशांत लग्नकार्याच्या निमित्ताने बायका आपापसांत असा नाच करीत आल्या आहेत. नेरिचिओ यांच्या पद्धतीत तीन-चार जणी तिरक्या रांगेत उभ्या राहतात. नाच आधी बसवलेला नसतो. सर्वांना ठाऊक असलेल्या हालचालींपैकी पुढची कोणती, हे अग्रभागी असलेली हाताच्या वा खांद्याच्या लहानशा खुणेने सुचवते आणि मागच्या तिच्याकडे पाहत तसेच करतात. रांग वळली की पुढारपण दुसरीकडे जाते. बोटांत झांजाही असतात. आपल्या फेरातल्या आजीला यातले काहीच नवे वाटणार नाही.

वार्धक्यात अशा नाचाचे मोल कशात आहे? पायी फिरणे उत्तमच. परंतु फिरताना मन दुसरीकडे भटकले तरी चालते. फेरात ते चालत नाही. डोळे पुढचीकडे, कान गाण्याकडे, भार एका पायावरून दुसऱ्यावर, आणि पुढचे पाऊल कोणते ते क्षणोक्षणी ओळखायचे. न्यूयॉर्कमधील पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ व्यक्तींचा अनेक वर्षे पाठपुरावा करून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शारीरिक हालचालींच्या छंदांपैकी केवळ नृत्याचा स्मृतिभ्रंशाच्या कमी प्रमाणाशी संबंध आढळला. यावरून नाचल्याने स्मृतिभ्रंश टळतो असे म्हणणे घाईचे ठरेल. ज्यांची बुद्धी व पाय शाबूत आहेत तेच अधिक नाचत असतील, हीही शक्यता आहे. तोल सावरण्याचा सराव मात्र निर्विवाद गरजेचा आहे. पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनी तोल व ताकद वाढवणारे व्यायाम आठवड्यातून तीन वा अधिक दिवस करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता थोडे अवघड बोलायचे आहे. फेराचे गोडवे गाताना त्याबाहेर कोण उभे आहे, हे आपण पाहत नाही. मंगळागौरीचा मान सवाष्णींचा. ज्या बाईने चाळीस वर्षे झिम्मा-फुगडीत रात्री जागवल्या, ती पती गेल्यावर भिंतीला टेकून बसते. गाणी तिलाच सर्वाधिक पाठ असतात आणि तिलाच कोणी हाक मारीत नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही त्याचे अनुकरण करावे, असे परिपत्रक काढले. ठराव कागदावर होतो. अंगणात हात धरून ओढणारी सून किंवा नात लागते. एकाकीपणा शरीरालाही पोखरतो, हे वैद्यकशास्त्र आता उघडपणे मानते. त्या दृष्टीने ही हाक औषधाइतकीच निकडीची आहे. भजनी मंडळात हा भेद सहसा नसतो, म्हणूनच कित्येक वृद्धा तेथे मनापासून रमतात.

घरातल्यांनी काही पथ्ये मात्र पाळावीत. गरगर फिरण्याची फुगडी ज्येष्ठांनी टाळावी. चक्कर येण्याचा त्रास असेल, हाडे ठिसूळ झाली असतील वा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे. अंगण कोरडे असावे, नऊवारीचा घोळ पायात येऊ नये, आणि पाठीशी भक्कम खुर्ची असावी. गुडघे अगदीच साथ देत नसतील, तर झिम्म्याच्या टाळ्या बसूनही देता येतात. खुर्ची मात्र कडेला नव्हे, फेराच्या ओळीतच मांडावी, म्हणजे दोन्ही बाजूंचे हात तिच्या हातांपर्यंत पोहोचतील. आणि पुढचे गाणे तिला उचलू द्यावे.