तळाचा पत्रा आणि नवा शागिर्द

जुनी जीप पत्राकामाला आली की गॅरेजात कामाची वाटणी ठरलेली असते. बॉनेट, फेंडर आणि दरवाजे उस्तादाकडे जातात, मॅटखालचा फ्लोअर नव्या पोराकडे. तिथलं वेल्डिंग कुणाला दिसत नाही, हे त्यामागचं खरं कारण. टाके वाकडे पडले तरी वरून रबर मॅट येते, खालून काळा अंडरकोट बसतो आणि गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात जाते. फ्लोअर नव्या पोरालाच द्यावा, असं आमचंही मत आहे. पण हे कारण आधी मनातून काढून टाका. सीटचे बोल्ट याच पत्र्यात आवळलेले असतात. घाटात ब्रेक दाबताना चालकाची टाच याच पत्र्यावर टेकते. पक्कं छप्पर नसलेल्या जीपमध्ये बॉडीचा ताठपणा बराचसा फ्लोअर आणि त्याखालच्या आडव्या पट्ट्यांवरच अवलंबून असतो. वरचं छप्पर कापडाचं, ते काय भार घेणार?

मराठवाड्यात या गाड्यांनी मोठा काळ काढला आहे. महिंद्राने विलीजच्या परवान्यावर जीप बांधायला घेतली, तिचं सीजे३बी हे उंच बॉनेटचं रूप भारतात अनेक दशकं बनत राहिलं. मग एमएम ५४०, कमांडर, मेजर आल्या. १९८५ च्या शेवटी मारुतीची जिप्सी आली. पाटबंधारे खातं, जिल्हा परिषद, पोलीस यांच्या जीपा लिलावात निघायच्या आणि कन्नड, सिल्लोड, वैजापूरकडच्या शेतांवर पुढची पंधरा-वीस वर्षं राबायच्या. ही आवक आता आटली आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही, त्या थेट मोडीत जातात. म्हणजे आज ज्या जीपा लोकांकडे आहेत, त्याच उरल्या. त्यांच्यावर पैसे खर्च करणारा माणूसही बदलला आहे. वाळूजला नोकरी करणारा तरुण अशी जीप विकत घेतो, लहान इन्व्हर्टर मशीन आणतो आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः वेल्डिंग शिकावं म्हणतो. असा हौशी मालक दारात आला तर त्याला परत पाठवू नका. तोही शागिर्दच आहे, आणि पुढची सगळी चर्चा त्यालाही लागू आहे.

आपल्याकडे समुद्र नाही, वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, मग एवढा गंज कुठून येतो, असं नवी मुलं विचारतात. हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला फ्लोअर उघडून दाखवावा. पाणी बहुतेक वेळा खालून येत नाही, वरून येतं. हूडच्या शिवणीतून, काचेच्या सडलेल्या रबरातून, दाराच्या खालच्या फटीतून ते आत उतरतं आणि मॅटखाली बसून राहतं. तळाला निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात, ती मातीने बुजलेली असतात. त्यात काळ्या मातीचा चिखल आडव्या पट्ट्यांच्या पोकळीत घट्ट भरतो आणि दिवाळीपर्यंत ओलावा धरून ठेवतो. सगळ्यात वाईट म्हणजे खताची पोती. मागच्या बाजूला वर्षानुवर्षं युरिया आणि पोटॅश वाहिलेल्या जीपचा पत्रा हाताने तुटतो. पोटॅशच्या खतात क्लोराइड असतं, समुद्राच्या मिठात असतं तेच. फाटक्या पोत्यातून सांडलेले मूठभर दाणे हवेतली ओल ओढून घेतात आणि पत्र्याच्या जोडात जाऊन बसतात. जुनी गाडी मुंबईहून किंवा कोकणातून आणलेली असेल तर खऱ्या समुद्राचीही भर पडते.

वाळूज-शेंद्र्याच्या या शहरात वेल्डरांची वानवा नाही. बजाजचा कारखाना १९८५ मध्ये वाळूजला आला, स्कोडा २००१ मध्ये शेंद्र्याला, आणि त्यांच्याभोवती सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. तिथल्या मुलांचा हात चांगला असतो. पण त्यांच्यासमोर येणारा पत्रा नवा, तेल पुसलेला, फिक्श्चरमध्ये घट्ट धरलेला असतो, आणि करंट, व्होल्टेज, वायरचा वेग कुणीतरी आधी ठरवून दिलेला असतो. आयटीआयचा वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा. तिथे गॅस वेल्डिंगचे सुरुवातीचे जॉबही साधारण २ मिमीच्या स्वच्छ पत्र्यावर गिरवतात. जीपचा फ्लोअर मुळात जेमतेम १.२ मिमीचा, म्हणजे १८ गेजच्या आसपासचा. गंजाने खाल्ल्यावर तो एका ठिकाणी एक मिमी, तर चार बोटांवर अर्धा मिमीही उरलेला नसतो. चांगल्या गुणांनी पास झालेला मुलगा इथे पहिल्याच टाक्याला भोक पाडतो आणि ते बुजवायला गेला की भोक मोठं होत जातं. त्याचा हात वाईट नसतो. तो जिथे वेल्डिंग करतो आहे तिथे पत्राच शिल्लक नसतो.

म्हणून पहिले काही दिवस त्याच्या हातात वेल्डिंगचा टॉर्च देऊ नये. हातोडी, टोचा आणि वायर ब्रश द्यावा. हातोडीच्या टोकाने पूर्ण फ्लोअर ठोकत जायचा: धड पत्रा खणखणतो, सडलेला दबका वाजतो. जिथे शंका वाटेल तिथे टोचा रोवायचा आणि खडूने रेघ मारायची. गंजाच्या दिसणाऱ्या कडेपासून दोन बोटं पुढे, दोन्ही बाजूंनी चमकदार लोखंड लागेपर्यंत कापायचं. नव्या माणसाला ही रेघ नेहमी जवळ ओढावीशी वाटते, कारण मोठं भोक बघून भीती वाटते. उस्तादाने जवळ उभं राहून ती रेघ लांब सरकवायला लावली पाहिजे. आमच्या मते या कामातलं खरं शिक्षण इथेच होतं. पुढचं वेल्डिंग सरावाने येतं.

इथेच आपल्या धंद्यातल्या एका सवयीबद्दल स्पष्ट लिहिलं पाहिजे. सडलेला भाग न कापता त्यावर नवा पत्रा टाकून चारी बाजूंनी टाके मारायचे, हे काम आपल्या शहरात सर्रास चालतं. गिऱ्हाईक स्वस्तात मागतो, हेही खरं. पण दोन पत्र्यांच्या फटीत पाणी आपोआप ओढलं जातं आणि तिथून वाळून बाहेर पडत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो दोन्ही पत्रे एकमेकांपासून फाकवतो आणि टाके उचकटतो. एक-दोन पावसाळ्यांत जुना पत्रा गळून पडतो आणि नवा कडांनी सडायला लागतो. अनुभवी मिस्त्रीला हे ठाऊक असतं. शागिर्दाला ठाऊक नसतं. तो हीच पद्धत बरोबर समजून तीस वर्षं वापरणार असतो.

कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा अँगल टाचून घ्या आणि एका वेळी फ्लोअरचा एकच भाग काढा. सगळा तळ एकदम उघडला तर टबचा, म्हणजे बॉडीच्या खोक्याचा, आकार पिळतो, मग दार पुन्हा बसत नाही. मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर साचा काढून तो जागेवर बसवून बघावा, आणि मगच सीआर पत्रा कापावा. कोपरे गोल ठेवावेत. जीआय पत्रा स्वस्त आणि गंजत नाही म्हणून मुलं तो उचलतात. पण वेल्डिंगमध्ये त्यावरचं जस्त जळतं, तो धूर छातीत जातो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. जस्त हवंच असेल तर वेल्डिंगनंतर झिंक प्रायमरमधून द्यावं.

या जाडीला सीओटू मशीनवर ०.८ मिमी वायर आणि ६०-७० अँपिअरच्या आसपासचा करंट पुरतो. होल्डर-रॉडने हे काम जमवणारे जुने हात आहेत, गॅसवर जमवणारे तर फारच सुरेख करतात, पण नव्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. गॅसची उष्णता पसरते आणि तळ लाटांसारखा उठतो. टाका मारायचा आणि थांबायचं, मग समोरच्या कडेला दुसरा. आधी लांब अंतरावर, मग त्यांच्या मध्ये, मग त्यांच्याही मध्ये. हात ठेवता येईल इतका जोड निवाल्याशिवाय शेजारी टाका नाही. फट राहिली तर मागून तांब्याची पट्टी धरावी, वेल्डिंग तांब्याला चिकटत नाही. लांब सलग माळ ओढण्याचा मोह प्रत्येकाला होतो, कारण कारखान्यात तीच चांगली दिसते. इथे तिने पत्रा वाकतो.

आगीबद्दल सवलत नाही. सीजे३बी आणि जुन्या विलीजची पेट्रोल टाकी चालकाच्या सीटखाली, नेमक्या त्याच पत्र्यावर असते. ती काढून गॅरेजबाहेर लांब न्या. ‘रिकामी आहे’ हे उत्तर ऐकून घेऊ नका, रिकाम्या टाकीतली वाफच स्फोट करते. बॅटरी सोडा, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग बाजूला घ्या, खालचा डांबरी थर जोडाच्या आसपास खरवडून काढा. ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर कधीही आर्क मारू नका, क्लोरीन असलेल्या द्रावकातून फॉस्जीन हा विषारी वायू होतो. गाडीखाली पाण्याची बादली आणि वाळू ठेवा आणि शेवटच्या टाक्यानंतर अर्धा तास एक माणूस तिथेच बसवा. शागिर्दाला पूर्ण हेल्मेट द्या, हातात धरायची फुटकी काच नको. आर्क लागलेल्या डोळ्यांवर बटाटा ठेवण्याऐवजी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.

पन्नास वर्षं पूर्ण केलेल्या जीपच्या मालकांसाठी एक मुद्दा वेगळा आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे अशा गाडीला व्हीए मालिकेत व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. अशा गाडीच्या तळाला तीन मिमीची चेकर प्लेट ठोकली तर मालकाचं नुकसान होतं. मूळ जाडीचा पत्रा, मूळ नळ्या-खाचा आणि मूळ जागीच बोल्ट. याला वेळ जास्त लागतो, तो बिलात मोकळेपणाने लावा.

बिलाबाबत आमची एक ठोस सूचना आहे. अंडरकोट मारण्याआधी फ्लोअरचे खालून-वरून फोटो काढा आणि बिलावर लिहा: कोणता भाग कापला, किती जाडीचा पत्रा घातला, जोड कशाने सील केले. पुढे ती जीप दुसऱ्या मिस्त्रीकडे गेली तर त्याला कुठे कापायचं ते कळेल. मालकाला गाडी विकताना उपयोग होईल. शिवाय आपलं काम अंडरकोटखाली जाण्याआधी कुणीतरी बघणार आहे, हे शागिर्दाला पहिल्या दिवसापासून माहीत असेल. पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये, प्रत्येक गॅरेजने असं निदान एक काम नव्या मुलाकडून पूर्ण करून घ्यावं आणि त्याने कापून काढलेल्या सडक्या तुकड्यांसह फोटो आमच्याकडे पाठवावेत. आम्ही ते पत्र्याच्या जाडीसह आणि मशीनच्या सेटिंगसह छापू.